कळलावीचा कंद दरवर्षी उगवतच नाही, नाहीतर कुंडीत सडतो? नेमकं कुठे चुकतंय ते बघूया

मे सरत आला, दोन वळीव पडून गेले, रानातल्या कळलावीचे कोंब वीतभर वर आले आणि आपली कुंडी मात्र ढिम्म. माती उकरून बघावं तर आत कंदाच्या जागी लगदा, नाहीतर कंद दिसायला ठणठणीत पण कोंबाचा पत्ता नाही. दरवर्षी असंच होत असेल तर हे तुमच्यासाठी लिहितेय, कारण माझे सलग तीन सीझन वाया गेले आणि तिन्ही वेळा कारण वेगळं होतं.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकते. कुंडीतली कळलावी बहुतेक वेळा पावसाळ्यात मरत नाही, ती मरते पावसाळा संपल्यावर, जमिनीखाली झोपलेली असताना, आणि आपल्याला ते कळतं थेट सहा-सात महिन्यांनी. त्यामुळे मे-जूनमधे माती बदला, खत घाला, जागा बदला, काहीही करा, उपयोग होत नाही कारण चूक मागच्या ऑक्टोबरात झालेली असते, कधीकधी तर ऑगस्टमधेच.

माझं पहिलं वर्ष. वेल छातीएवढी चढली, अकरा फुलं आली, घरात येणारा प्रत्येक माणूस त्या फुलांसमोर थांबायचा. नवीन फूल पिवळं-हिरवं असतं, मग बुडाशी पिवळं आणि टोकाला लाल, आणि तीन-चार दिवसांत सगळंच लालभडक, सहाही पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, कडा लाटांसारख्या, अग्निशिखा हे कळलावीचं दुसरं नाव बघताक्षणी पटतं. ऑक्टोबर लागला आणि खालची पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं झाड आजारी पडलं, म्हणून मी पाणी वाढवलं, वर शेणखताची स्लरी दिली, तरी वेल वाळलीच, तरीही कुंडीला रोज पाणी चालूच ठेवलं, म्हटलं मुळाशी जीव असेल तर परत फुटेल. मे मधे कुंडी पालथी केली तेव्हा कंदाची नुसती तपकिरी साल हातात आली, आत पिठूळ पाणी आणि घाण वास. खूप वाईट वाटलं तेव्हा, कारण तिला मारलं होतं ते माझ्याच पाण्याने.

ते पिवळं पडणं म्हणजे आजार नव्हताच. फुलं झाली, शेंगा तयार झाल्या की वेल आपणहून वाळते, कंद जमिनीखाली विश्रांती घेतो, आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परत उठतो. हा तिचा स्वभाव आहे, उष्ण प्रदेशातल्या कोरड्या ऋतूत तगून राहायची तिची रीत आहे. झोपलेल्या कंदाला ना पानं असतात ना काम करणारी मुळं, मग आपण घातलेलं पाणी ओढणार कोण? ते मातीतच साठून राहतं आणि बुरशीला आयतं रान मिळतं.

पिवळं पडण्याचे दोन प्रकार मात्र ओळखता आले पाहिजेत, इथे गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकतं. पानं खालून वर हळूहळू, दोन-तीन आठवडे घेत पिवळी पडत असतील, फुलांचा बहर होऊन गेलेला असेल आणि दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे असतील, तर ती झोपायला निघालीये, पाणी कमी करत करत बंद करा. पण ऐन जुलैत, माती ओली असताना, अख्खी वेल दोन दिवसांत मान टाकत असेल तर ती सड आहे. खोडाच्या बुडाशी माती जराशी बाजूला करून बघा, कापसासारखे पांढरे धागे आणि मोहरीएवढे गोल दाणे दिसले (आधी पांढरे, मग तपकिरी) तर ती स्क्लेरोशियम बुरशी. हे मोहरीसारखे दाणे मातीत खूप दिवस टिकतात, म्हणून ती माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत वापरू नका, कंपोस्टमधेही टाकू नका. ते झाड सहसा वाचत नाही. एखादा फाटा कडक राहिला असेल तर तेवढा वाचवून बघायचा, बस.

आता कंद नीट बघूया, कारण माझं दुसरं वर्ष कंदाची रचना माहीत नसल्यामुळे गेलं.

कळलावीचा कंद म्हणजे बटाटा नव्हे. बटाट्याला चहूबाजूंनी डोळे असतात, एक गेला तर दुसरा फुटतो. कळलावीचा कंद असतो बोटासारखा लांबट, बरेचदा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दोन फाट्यांचा, वरून तपकिरी, आत पांढरा. संस्कृतात तिला लांगली म्हणतात, लांगल म्हणजे नांगर, कंद हातात घेतलात की हे नाव कुठून आलं असेल याचा अंदाज येतो. दोन फाटे जिथे जुळतात त्या कोपऱ्यात जुन्या खोडाचा वण असतो, तिथून काही उगवत नाही. उगवतं ते फाट्याच्या पार टोकातून, प्रत्येक फाट्याला टोकाशी एकच डोळा. एकच! तो मोडला, खरवडला गेला, सुकला की तो फाटा संपला, मग तो कितीही जाडजूड आणि टवटवीत दिसो. आणि हे टोक इतकं नाजूक असतं की कंद बादलीत जरा जोरात ठेवला तरी तुटतं.

दुसऱ्या वर्षी मी कंद विकत आणला, या वेळी अगदी कोरडा ठेवायचा असं ठरवून. पण तो आला तेव्हाच एक टोक खडूसारखं सरळ तुटलेलं होतं, आणि दुसरं टोक मी लावताना खुरप्याने माती दाबली तेव्हा गेलं. मला पत्ताच नाही. ऑगस्टपर्यंत वाट बघितली, शेवटी काढून बघितला तर कंद जसाच्या तसा, कडक, पांढराशुभ्र, फक्त दोन्ही बाजूंनी आंधळा. म्हणून कंद घेताना वजन आणि जाडी नंतर, आधी टोकं बघा. टोकाशी फिकट रंगाचा, किंचित फुगीर ठिपका दिसला पाहिजे. सपाट तुटलेलं, काळं पडलेलं, चिरडलेलं टोक असेल तर घेऊच नका. मधल्या सांध्यातून दोन फाटे वेगळे झाले असतील तर मात्र काळजी नाही, दोघांना आपापला डोळा असतो, जखम सावलीत दोन-तीन दिवस सुकू द्या आणि दोन रोपं म्हणून लावा.

तिसऱ्या वर्षी टोकं शाबूत, कंद कोरडा, कोंबही वेळेवर आला. मी खूश. पण वेल दीड फुटावर थांबली, एकही कळी नाही. याचं कारण शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला कारण ते आदल्या वर्षात दडलेलं होतं. हा कंद मी ज्यांच्याकडून आणला होता त्यांच्याकडे आदल्या ऑगस्टमधे त्या वेलीची सगळी पानं अळीने खाल्ली होती, हे मला खूप नंतर बोलता बोलता समजलं.

कळलावीचा जुना कंद दरवर्षी संपतो. त्यातला साठा वापरून वेल वर येते, कंद सुरकुतून पोकळ होतो, आणि त्याच सीझनमधे पानांनी तयार केलेल्या अन्नातून शेजारी नवे कंद धरतात. म्हणजे आपण पुढच्या वर्षी जे लावतो तो या वर्षीच्या पानांचा हिशोब असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमधे पानं गेली की नवा कंद बोटाऐवजी काडीएवढाच राहतो, आणि तसला कंद उगवला तरी फुलत नाही. व्यवस्थित फुलायला साधारण 50-60 ग्रॅमचा कंद लागतो, शेतात लावणारे पण याच वजनाचे निवडून घेतात. छोटा असेल तर निराश होऊ नका, ते वर्ष फक्त कंद पोसण्याचं धरून चाला, पानं सांभाळा, त्यातून धरलेला नवा कंद पुढच्या वर्षी फुलेल.

ती अळी ओळखायला सोपी आहे. लिली अळी म्हणतात, लिलीवर्गातल्या झाडांवर पण येते. काळपट अंगावर पांढरे, पिवळे आणि लाल-नारिंगी ठिपके, लपायची अजिबात फिकीर नाही, घोळक्याने पानावर बसलेली असते. सुरुवातीला पानाचा हिरवा थर खरवडून खाते, मोठी झाली की शीर पण ठेवत नाही. मी एकदा आठ दिवस बाहेर गेले होते, आले तेव्हा वेलीवर नुसता दांडा आणि दांड्याला चिकटलेल्या चौदा अळ्या. पावसाळ्यात एक दिवसाआड पानांच्या खालची बाजू बघा, अंड्यांचा पुंजका दिसला की तेवढं पान काढून टाका, अळ्या हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात टाका. घरच्या दोन-चार वेलींना फवारणीची गरजच पडत नाही, फक्त नियमित नजर हवी. आणि फुलं झाल्यावर वेल अस्ताव्यस्त दिसते म्हणून कापू नका, खरं काम तेव्हाच चाललेलं असतं.

लावणीचं आता सांगते, यातल्या काही गोष्टी मला तोटा सोसूनच कळल्या. कुंडी रुंद आणि खोल घ्या, 12 इंची तरी, कारण नवे कंद लांब होत जातात आणि अरुंद कुंडीत टोकं कडेला जाऊन अडकतात, मग काढताना तीच तुटतात. मातीत निचरा हवा, दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत हे मला मानवलं. कंदाला आधी बुरशीचा त्रास झालेला असेल तर लावण्यापूर्वी 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) घालून अर्धा तास बुडवा आणि सावलीत निथळू द्या, नको असेल तर मातीत ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा, पण दोन्ही एकदम नको, कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला पण मारतं. कंद आडवा ठेवायचा, उभा नाही, वर 5 ते 7 सेंटीमीटर माती. टोक कुंडीच्या कडेला टेकू देऊ नका. आणि आधाराची काडी कंद ठेवण्याच्या आधी रोवा, नंतर रोवायला गेलात तर ती नेमकी कंदात घुसते.

आधार बारीक हवा हे पण लक्षात ठेवा. या वेलीला वेगळे तणावे नसतात, पानाचंच टोक लांब होऊन स्प्रिंगसारखं वळतं आणि जे सापडेल ते धरतं. जाड बांबू त्या टोकाच्या कवेत मावत नाही, वेल घसरून आडवी पडते आणि कोवळं खोड मोडतं. सुतळी, बारीक काटक्या, जाळी, शेजारचं झुडूप, काहीही चालतं. कोंब कोवळा असताना बुडातून मोडला तर त्या फाट्याचं ते वर्ष बहुतेक गेलंच समजा, म्हणून मांजर, कुत्रं, बॉल यांच्यापासून पहिले तीन आठवडे जपा.

लावल्यावर एकदा पाणी, मग कोंब दिसेपर्यंत माती फक्त किंचित दमट. इथे लोक घाई करतात. जमीन ऊबदार झाल्याशिवाय कंद उठत नाही आणि एकाच वेलीचे दोन फाटे पण दोन-तीन आठवड्यांच्या फरकाने उठू शकतात. कोंब टोकातून येतो म्हणजे कुंडीच्या मधोमध नाही तर कडेच्या बाजूला येतो, मधे बघत बसलात तर दिसणार नाही. महिना-सव्वा महिना झाला तरी काहीच नाही असं वाटलं तर खुरपं न वापरता बोटाने वरची माती सरकवून फक्त टोक बघा. टोक फुगलेलं, फिकट हिरवट-पांढरं असेल तर झाकून टाका, ती येतेय. कंद दाबला तर मऊ लागतोय, वास येतोय, तर सगळा काढा, सडलेला भाग स्वच्छ सुरीने कापा, पण टोकाकडचा भाग निरोगी असेल तरच पुढे काही करण्यात अर्थ आहे. दाबल्यावर पोकळ, कागदासारखा लागत असेल तर तो साठवणीत फार सुकला.

म्हणजे साठवणीचं पण सांगायला हवं. वेल पूर्ण वाळली, खोड हलकेच ओढल्यावर सुटून आलं, की कंद तयार. तुमच्याकडे हिवाळा-उन्हाळा कोरडा असेल तर कुंडी तशीच पाऊस लागणार नाही अशा सावलीत ठेवून देणं सगळ्यात सुरक्षित, टोकं मोडण्याचा प्रश्नच येत नाही, मी आता हेच करते. फक्त शेजारच्या कुंड्यांना पाणी घालताना हिला उडणार नाही हे बघा, कुंडीवर ‘पाणी नको’ अशी पट्टी लावा कारण घरातलं कुणीतरी हमखास प्रेमाने घालतं. काढूनच ठेवायचे असतील तर कुंडी कागदावर आडवी करून माती हाताने मोकळी करा, कंद धुऊ नका, दोन-तीन दिवस सावलीत वाळवा आणि कोरड्या वाळूत किंवा कोरड्या कोकोपीटमधे एकमेकांना न टेकता पुरून ठेवा. उघडे ठेवले तर सुकतात, प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून बुरशी येते, फ्रीज तर नकोच. महिन्यातून एकदा हात फिरवून बघा, मऊ पडलेला एखादा सापडला तर लगेच बाजूला काढा.

आणि हे डबे स्वयंपाकघरात ठेवायचे नाहीत. हे मी कळकळीने सांगतेय. कळलावीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, कंद आणि बिया त्यात सगळ्यात जहाल. गाऊट या सांध्यांच्या आजारावरच्या एका गोळीत हेच औषध अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतं, त्यावरून कंदाचा एक तुकडा काय करू शकतो याचा अंदाज करा. श्रीलंकेत रताळं समजून हा कंद खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. खाल्ल्यावर काही तासांत तोंडात-घशात आग, उलट्या, जुलाब सुरू होतात, मधे बरं वाटल्यासारखं होतं आणि मग मूत्रपिंड, रक्त, सगळ्यावर परिणाम होतो. त्यामुळे कुणी चावला असं नुसतं वाटलं तरी लक्षणांची वाट न बघता हॉस्पिटल गाठा, झाडाचा तुकडा सोबत न्या. कंद हाताळताना मोजे घाला, सुरी वेगळी ठेवा, डब्यावर ठळक ‘विष’ लिहा.

आयुर्वेदात ही उपविषांमधे गणली जाते, गोमूत्रात शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केल्याशिवाय वापरत नाहीत. प्रसूतीच्या कळा लावणारी म्हणून कळलावी, तिथे पण कंदाचा लेप बाहेरून लावायची पद्धत होती. हे वाचून कुणी घरी लेप, काढा, चूर्ण काही करायला जाऊ नये, गरोदर बाईच्या आसपास तर अजिबात नको. नावांचाही घोळ आहे, तिला खड्यानाग म्हणतात, काही ठिकाणी बचनाग पण म्हणतात, आणि खरा बचनाग हे हिमालयातलं पूर्ण वेगळं विषारी झाड आहे. नावावरून औषध आणायला गेलात तर काय हातात पडेल सांगता येत नाही.

रानातून कंद उपटून आणू नका एवढी विनंती. औषधासाठी इतकी उपसली गेलीये की बऱ्याच जागी जिथे कुंपणंच्या कुंपणं लाल दिसायची तिथे आता एखादीच वेल सापडते. तमिळनाडूचं ती राज्यफूल आहे आणि तिथे बियांसाठी तिची शेती होते, म्हणजे लागवडीतले कंद मिळू शकतात. बियांपासून पण येते, फक्त धीर हवा, उगवायलाच आठवडे, कधी महिने लागतात आणि फूल दिसायला तीन-चार वर्षं. घरच्या एकट्या वेलीवर बी धरत नसेल तर ते पण बिघडल्याचं लक्षण नाही, तिच्या फुलातली परागवाहिनी काटकोनात बाहेर वळलेली असते, पुंकेसरांपासून लांब, त्यामुळे परागकण बारीक ब्रशने दुसऱ्या वेलीवरून आणून तिथे लावावे लागतात.

माझ्या या वर्षीच्या कुंडीत व्ही आकाराचा एकच कंद आहे, मागच्या नोव्हेंबरपासून थेंबभर पाणी न दिलेला. एका फाट्याचा कोंब चार दिवसांपूर्वी सुतळीपर्यंत पोचला आणि सकाळी बघितलं तर पहिल्या पानाचं टोक तिला दीड वेढा घालून बसलंय. दुसऱ्या फाट्याचं अजून काही वर नाही. बोटाने माती सरकवून टोक बघितलं, फुगलंय, कडक आहे, परत झाकून ठेवलं.